सगुणेची चोळी

पुणे, सदाशिव पेठ
शके १७१४, कार्तिक वद्य द्वितीया

अक्का, सगुणाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र हळदवाल्या सोनबाच्या हाती देते आहे. तो दर पंधरवड्याला वाईहून बैलांवर हळद लादून पुण्यात येतो, आणि आमच्या कोठीत हळद उतरवून घेण्याचं काम आता माझ्याकडे आहे. तो तुला ओळखतो हे आजच कळलं. "भटजींच्या घरला मीच हळद घालतो की," म्हणाला.

इकडची स्वारी गेली त्याला तीन महिने झाले. केशवपन दहाव्या दिवशीच झालं, ते तुला कळलंच असेल. पहाटे स्नान करून सोवळ्याचा स्वयंपाक करते, देवाचा नैवेद्य करते, पंगत वाढते. त्यांच्या पेटीतले जुने कागद आणि बोरू माझ्याजवळ राहिले आहेत. कोणी मागितले नाहीत, कारण इथल्या बायकांत लिहिता येतं ते मला एकटीलाच.

विचारायचं ते हे. चोळी बेततात कशी? माहेरी आई शिवायची, आई गेल्यावर तू. मी कधी कातर हातात धरली नाही. नांदायला येताना तू दिलेल्या सहा चोळ्या आणि नंतरच्या तीन सासूबाईंनी माझ्या धाकट्या जावेला, यज्ञेश्वरभावोजींच्या कुसुमला, देऊन टाकल्या. त्यातली एखादी घालून ती माझ्यासमोर आली की पदर पुढून ओढून घेते. तिचा राग येत नाही.

थंडी फार पडू लागली आहे, म्हणून विचारते. सविस्तर लिही.

तुझी सगुणा


वाई
कार्तिक वद्य द्वादशी

चि. सगुणा हिस मथुराचा आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा राग. विधवेला चोळी वर्ज्य आहे हे तुला मी सांगायला हवं का? जे नशिबी आलं ते आलं. ते आता मान खाली घालून सोसायचं असतं. बाबांनी आपल्याला अक्षर शिकवलं तेव्हा गाव म्हणालं, हा भट पोरींच्या हाती कोलीत देतो आहे. गावाचं म्हणणं तू खरं करू नकोस. आपल्याला भाऊ नाही, बाबाही राहिले नाहीत. तुझं नाव खराब झालं तर ते पुसायला कोणी नाही.

थंडीसाठी सोनबाबरोबर घोंगडी पाठवते आहे. ती पांघरून चुलीपाशी बसत जा. पोथी वाच. मन रमेल.

मथुरा


पुणे
मार्गशीर्ष शुद्ध नवमी

अक्का, साष्टांग नमस्कार.

घोंगडी पोचली. सासूबाई म्हणाल्या, "थंडी वाजते म्हणे! चुलीपाशी बसणारीला थंडी वाजू लागली, तर उद्या मारुतीरायाला बंडी शिवावी लागेल." घोंगडी आता ओसरीवर असते. यज्ञेश्वरभावोजी तिच्यावर बसून पान खातात.

तुझ्या पत्रात माझ्या नावामागे एक अक्षर खोडलेलं दिसलं. हात सवयीनं 'सौ.' लिहून गेला असेल. मला वाईट वाटलं नाही. उलट ते खोडलेलं अक्षर मी बराच वेळ पाहत बसले.

अक्का, थंडीचं मी खोटं लिहिलं होतं. खरं लिहायची लाज वाटली.

पंगतीला भावोजी शेवटच्या पानावर बसतात. वरण वाढलं की म्हणतात, "वहिनी, वरण." पुन्हा वाढलं की म्हणतात, "वहिनी, थोडं आणखी." पानात वरणाचं तळं होतं, तरी मागतात. वाकावं लागतं. एका हातात पातेलं, दुसऱ्यात पळी, आणि पदर सावरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. ते पानाकडे पाहत नाहीत. दीर आहेत, लहानपणी मला सागरगोटे आणून देत असत. आता घरातले कर्ते तेच आहेत.

परवा कोठीत धान्य काढत होते, तर दारात येऊन उभे राहिले. हलले नाहीत. कुसुमनं बाहेरून हाक मारली तेव्हा गेले. तिनं उगीचच हाक मारली होती, काम काही नव्हतं. कोठीच्या कडीला मी आता आतून फळकूट लावते.

सासूबाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुझं तू सांभाळ. वस्तू उघडी ठेवली की माशी बसणारच." उघडी कोणी ठेवली, ते मी विचारलं नाही.

मला नटायचं नाही, अक्का. मला फक्त वाढायचं आहे, आणि वाढताना मान वर करता आली पाहिजे. अंगावरच्या या तांबड्या आलवणाखाली काय आहे ते कोणाला दिसणार आहे? तू सांगितलंस तर मी शिवीन. नाही सांगितलंस तरी शिवीन, पण मग वाईट शिवीन.

सगुणा


वाई
मार्गशीर्ष वद्य तृतीया

चि. सगुणा, तुला अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र मी लिहिलं नाही असं समज. तुझं पत्र इकडून पाहिलं नाही. पाठशाळेतून स्वारी येण्याच्या आत मी ते तांदळाच्या डेऱ्यात लपवलं.

सोनबाजवळ एक पुरचुंडी दिली आहे. तुला बेतता येणार नाही म्हणून मीच बेतून तुकडे पाठवते आहे. कापड साधं आणि तांबडं घेतलं, म्हणजे आलवणात मिसळून जाईल. तुझं माप मला पाठ आहे. पाठीचा एक तुकडा, पुढचे दोन, बाह्या दोन, आणि काखेत घालायचे दोन लहान चौकोन. काखेतले चौकोन विसरू नकोस, नाहीतर हात वर केला की फाटेल. आधी धावदोरा घाल, मग उलटून त्याच शिवणीवर घट्ट टाके घाल. दोन सुया आणि दोरा आत आहे. गाठ पुढे, नेहमीसारखी.

कोणाला दाखवू नकोस. पत्र वाचून चुलीत घाल.

मथुरा


पुणे
पौष शुद्ध एकादशी

अक्का, साष्टांग नमस्कार.

चोळी झाली. कशी झाली ते सांगते. तू हसशील, मग बहुतेक हसणार नाहीस.

दुपारी सगळे आडवे झाले की कोठीत हळदीच्या गोण्यांमागे बसून शिवत असे. पहिल्यांदा उजवी बाही डावीकडे लावली आणि तीही उलटी. उसवली. दुसऱ्यांदा काखेतले चौकोन राहिले. तिसऱ्यांदा सगळं नीट जमलं, घालायला घेतली, तर पुढची टोकं एकमेकांपर्यंत पोचेनात. चांगलं चार बोटं अंतर. मला वाटलं माझी शिवण चुकली. सगळं उसवून तुकडे जमिनीवर मांडले तेव्हा कळलं, की तू बेतलंस ते तेरा वर्षांच्या सगुणेचं माप. तू मला पाहिलंस ते नांदायला निघाले तेव्हा. त्यानंतर मी वाढले, अक्का.

रडले नाही. कापड कुठून आणावं याचा विचार केला. या घरात माझं म्हणावं असं एकच कापड आहे, अंगावरचं आलवण. त्याच्या आतल्या टोकाची, निऱ्यांत जाणारी, हातभर रुंद पट्टी कापली. तिथलं कापलेलं कोणाला दिसत नाही असं वाटलं. कातर कुसुमनं दिली. मी मागितली नव्हती. ती हळदीच्या गोणीवर कातर ठेवून निघून गेली. जाताना म्हणाली, "माझ्या हातून राहून गेली म्हणा, जाऊबाई."

आज अकरा दिवस मी चोळी घालते आहे. पुढचा पट्टा आलवणाचा, बाकी तुझ्या कापडाची. शिवण वेडीवाकडी आहे आणि डाव्या काखेत टोचते. पहिल्या दिवशी पंगतीत वाकले. भावोजी म्हणाले, "वहिनी, वरण." मी वाढलं. पुन्हा म्हणाले नाहीत. त्या दिवशी मला कडकडून भूक लागली.

एक मात्र चुकलं. आतून कापलं तरी लांबी तेवढी कमी झालीच. आता पदर डोईवरून घेतला की कपाळापर्यंत येत नाही, मागे सरकतो. वाकलं की उतरतो. छाती झाकली, तर डोकं उघडं पडतं. दातात टोक धरून वाढते आहे. तोंड बंद असतं, हे सासूबाईंना आवडलेलं दिसतं.

शक्य असलं तर एक पुरतं आलवण पाठव. जुनं चालेल. आईचं काही उरलं असेल तर तेही.

सगुणा


वाई
पौष वद्य पंचमी

चि. सगुणा, अनेक आशीर्वाद.

माप माझं चुकलं. तुकडे बेतताना माझ्या डोळ्यांपुढे तू खांबाला धरून रडत होतीस, त्या उंचीची. सोळा वर्षांची सगुणा मला दिसलीच नाही.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. तुझ्या दुःखात माझं सुख कसं सांगू, म्हणून लिहिलं नाही. मला सातवा लागतो आहे. माघ शुद्ध दशमीला डोहाळजेवण ठरलं आहे. सासूबाई नुसत्या हुरळून गेल्या आहेत. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर हे पहिलं.

म्हणूनच आलवण आत्ता आणता येत नाही. ओटी भरायच्या आधी ते कापड घरात आलं तर काय होईल, असं सासूबाईच नाही, माझंही मन म्हणतं. शेजारणीकडे ठेवावं म्हटलं, तर ती विचारील कोणासाठी. डोहाळजेवण झालं की त्याच दिवशी सोनबाकडे देते. तोवर चोळी घालू नकोस, लपवून ठेव. वीस दिवसांचा प्रश्न आहे. पाच महिने काढलेस, वीस दिवस काढ.

मथुरा


पुणे
माघ शुद्ध द्वितीया

वे. शा. सं. श्यामभट स्वामींचे सेवेसी, यज्ञेश्वराचे अनेक नमस्कार.

आपल्या कुटुंबाच्या धाकट्या भगिनीविषयी लिहिणे प्राप्त झाले, याचे दुःख आहे. आपणांकडे वेदाध्ययन चालते, म्हणून थोडक्यात कळेल.

पौष वद्य त्रयोदशीस पंगतीत वाढताना वहिनींचा पदर डोईवरून गळला. तो सावरून द्यावा म्हणून आम्ही हात पुढे केला, तो आत शिवलेले वस्त्र आढळले. विचारता कळले की सुमारे महिनाभर त्या चोळी घालून देवाचा नैवेद्य रांधीत होत्या. म्हणजे देवाने, ब्राह्मणांनी आणि घरच्या सर्वांनी तितके दिवस ते अन्न खाल्ले. प्रायश्चित्त घ्यावे लागले. चोळी कोणासाठी घातली, याचे उत्तर त्यांनी दिले नाही. 'पंगतीसाठी' एवढेच म्हणाल्या. हे उत्तर आपणांसारख्या पंडितांनीच समजावून द्यावे, आमची बुद्धी तोकडी आहे.

शिवणकाम मात्र स्तुत्य नव्हते. कापड वाईचे असावे असे सोनबाच्या बोलण्यावरून दिसते. त्यास आता आमच्या दारी बंदी आहे.

माघ वद्य पंचमीस नाशिकची यात्रा निघते. तीत त्यांस रवाना करण्याचे ठरले आहे. पंचवटीत त्यांच्यासारख्या पुष्कळ असतात. आपण त्यांस घरी नेणार असाल तर त्याआधी न्यावे. आमची हरकत नाही. मात्र झाला प्रकार आम्ही वाईच्या ब्रह्मवृंदास कळवला आहे. ज्या घरी त्या राहतील, त्या घराशी पंक्तिव्यवहार ठेवावा की नाही, हे तेच ठरवतील. आपली वृत्ती भिक्षुकीची आहे, म्हणून आधी सूचना दिली. लोभ असावा.


वाई
माघ शुद्ध एकादशी

चि. सगुणा,

आमच्याकडे पत्र आलं. इकडून मला वाचून दाखवलं, सावकाश, एक शब्दही न गाळता. मग स्वारी म्हणाली, "तुमची बहीण मला वाईट म्हणायची नाही. पण वाईत आपल्याला कोणी पानावर बोलावलं नाही तर हे मूल काय खाईल?" मी काही बोलू शकले नाही. तू मला नेहमीच बोलणारी समजतेस, पण तशी मी नाही.

काल डोहाळजेवण झालं. हिरवं लुगडं नेसवून मला झोपाळ्यावर बसवलं होतं. बायका गात होत्या.

सासूबाईंच्या पाया पड. चुकले म्हण. बाळंतपण होईपर्यंत त्यांनी तुला ठेवून घेतलं, तर पुढे मी काहीतरी करीन. सोनबाला दारी बंदी आहे, तो हे पत्र नदीवर कुसुमच्या हाती देईल.

मथुरा


पुणे
माघ वद्य द्वितीया

अक्का, साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र कुसुमनं आणून दिलं. तू 'चुकले म्हण' लिहिलंस, पण काय चुकलं ते लिहिलं नाहीस. मी विचार करते आहे. माप चुकलं, बाही चुकली, कापायची जागा चुकली. त्या सगळ्यांबद्दल म्हणायला तयार आहे. सासूबाईंना ते नको आहे.

पदर मी दातात धरला होता. भावोजी म्हणाले, "वहिनी, मीठ." मीठ वाढायला वाकले तेव्हा त्यांनी पदराचं टोक धरून ओढलं. भावोजी सांगत फिरतात तसा पदर आपोआप गळला नाही. सावरायला हात पुढे केला, हेही खोटं. पंगतीत सहा माणसं होती. सगळ्यांनी आधी माझं उघडं डोकं पाहिलं, मग चोळी पाहिली, आणि चोळी पाहून ओरडले. उघड्या अंगाकडे त्यांनी इतके दिवस पाहिलं, तेव्हा कोणी ओरडलं नव्हतं.

तू चोळी घालू नकोस म्हणालीस, ते पत्र मला वेळेवर पोचलं होतं. मी ऐकलं नाही. वीस दिवस मला काढता आले नसते. दोष तुझ्याकडे घेऊ नकोस.

चोळी त्यांनी चुलीत घातली. मला तिच्यासमोर उभं केलं होतं. सुती होती, झटकन गेली. कुसुम त्या दिवशी दिवसभर जेवली नाही. "पोट दुखतंय," म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "आता हिचंही दुखायला लागलं. घराला दृष्टच लागली म्हणायची."

पंचमीला यात्रा निघते. बत्तीस माणसं आहेत, चालत जायचं आहे. माझ्यासारख्या चौघी. येऊ नकोस. तुला सातवा आहे. मूल नीट होऊ दे.

लिहिता येतं म्हणून एवढं तरी तुला कळलं. बाबांचं चुकलं नाही.

सगुणा


पुणे
माघ वद्य अष्टमी

सेवेसी साष्टांग नमस्कार.

आपण पाठशाळेत गेल्यावर मी निघाले. सासूबाईंना वाटलं की शेजारी गेले. मी सोनबाच्या तट्टावर बसले आणि तीन दिवस घाट उतरून-चढून पुण्याला आले. मला बरं आहे. पोटात हालचाल आहे. सोनबा वाटभर एकच सांगत होता, "अक्का, हळू, अक्का, हळू. तुमास्नी काय झालं तर भटजी मला उभा चिरतील." मी त्याला म्हटलं, भटजींना चिरता येत नाही. क्षमा असावी. ते मी रागानं म्हटलं.

सदाशिव पेठेतल्या त्या घरी आज गेले. सगुणाच्या सासूबाई ओसरीवर वाती वळत होत्या. मला आपादमस्तक पाहून म्हणाल्या, "यायचं ते यात्रा हलल्यावर आलात. वाईहून पुणं इतकं लांब कधीपासून झालं?" त्या खरं बोलत होत्या. आत या म्हणाल्या नाहीत. यज्ञेश्वरराव बाहेर आले, नमस्कार केला, आणि 'पाणी घेणार का' असं विचारलं. मी नको म्हटलं. त्यांच्या हातचं पाणी नको म्हणायला मला वाईत कोणी शिकवलं नव्हतं. ते आपोआप आलं.

मागल्या दारी कुसुम होती. वीस वर्षांचीही नसेल. "ताई, उशीर केलात हो," एवढं म्हणून रडू लागली. तिनं सांगितलं, सगुणा तीन दिवसांपूर्वी गेली. जाताना अंगात ताप होता. आखूड आलवणच अंगावर होतं, दुसरं कोणी दिलं नाही. कुसुमनं आपलं द्यायला काढलं तर सगुणा म्हणाली, "तुझं हिरवं आहे, माझ्या अंगावर चालत नाही." तिथेही तिनं दुसऱ्याचा नियम पाळला.

तिथून बाजारात येऊन मी एक पुरतं आलवण घेतलं. दुकानदार माझ्या पोटाकडे पाहून म्हणाला, "बाई, या दिवसांत हे हाती धरू नये. गड्याला घेऊ दे." मी हातात घेतलं. छातीशी धरून बाहेर आले. काही झालं नाही. होणार असेल तर होईल, पण ते वीस दिवस न थांबता मी हेच केलं असतं तर सगुणा आज घरात असती, एवढं मला कळलं आहे.

यात्रा पायी चालते, तापाचं माणूस घेऊन रोज तीन कोसांवर जायची नाही. चाकणच्या पुढे गाठता येईल असं सोनबा म्हणतो. मी जाते आहे.

ब्रह्मवृंदानं विचारलं तर आपण खरं तेच सांगावं. बायको न विचारता गेली, तिला आम्ही पाठवलं नाही, असं. म्हणजे पानावर बोलावणं थांबणार नाही. त्यांनी त्यावर मला टाकायला सांगितलं, तर तसं करण्यालाही माझी हरकत नाही. आपण वाईट नाही हे मला ठाऊक आहे. आपण भ्यालात, तशीच मीही भ्याले. फरक एवढाच, की तिनं मला पत्र लिहिलं होतं, आपल्याला नाही.

तांदळाच्या डेऱ्यात तिची पत्रं आहेत. सगळी वाचावीत. तिचं अक्षर चांगलं आहे.

सगुणा सापडली तर मी तिला घेऊन वाईला येईन. तिच्या अंगात चोळी असेल, मी शिवलेली, आजच्या तिच्या अंगाला बसणारी. आम्ही दोघी दारात उभ्या राहू. आत घ्यायचं की नाही, ते तेव्हा आपण ठरवा.

मथुरा